उईल एकदां लिहून भागत नाहीं

(श्रीक्षेत्र नारायणगड, जि. बीड येथें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



तुम्ही गडावर दर्शनाला आलां आहां, आणि नगद नारायणाच्या पायथ्याशीं उभा राहून हा माणूस मरणाची गोष्ट काढतो, असें कांहीं म्हाताऱ्या मंडळींच्या मनांत आलें असेल. पण मरणाची गोष्ट गडावर काढायची नाहीं तर ती काढायची कोठें? देह नाशिवंत आहे असें कीर्तनांत ऐकलें कीं आपण सारे माना डोलवितों. घरीं जाऊन जमिनीचा कागद पाहावा तर घरधनी जणूं अमरपट्टा घेऊनच आला आहे अशा थाटांत तो पत्र्याच्या पेटींत पडलेला असतो! एखाद्या गादीवरच्या महंतानें हयातींतच उत्तराधिकारी नेमला तर त्याला शहाणपण म्हणतात, अपशकुन म्हणत नाहींत. मग ज्याची गादी म्हणजे दोन एकर मुरमाड रान, एक बैलजोडी आणि विहिरीची आठवड्यांतली तीन दिवसांची पाळी, त्यानेंच काय घोडें मारलें?

मृत्युपत्राला आपले आजे उईल म्हणत. तें करावें, हें तुम्हांस पूर्वीं कोणी ना कोणी सांगितलेंच असेल. माझें सांगणें त्याच्या पुढचें आहे. केलेलें उईल वरचेवर काढून वाचा, आणि घर बदललें कीं तेंही बदला. जुनें उईल हें कधीं कधीं मुळींच उईल नसण्यापेक्षां अधिक घात करतें, आणि तें कसें हें मी आज दाखविणार आहें.

आधीं आपल्या कागदाची दशा पहा. सातबाऱ्यावर आज्याचें नांव, आज्याला जाऊन वीस वर्षें झालेलीं, आणि नांगर धरणारा नातू सरकारदप्तरीं कोणीच नव्हे, असा उतारा कोणत्या गांवांत नाहीं? अशा उताऱ्यांमुळें महसूल खात्याला १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर एक मोहीम काढावी लागली. मेलेल्या खातेदारांचीं नांवें कमी करून वारसांचीं चढवावयाचीं, हें तिचें काम. नांव काय, तर ‘जिवंत सातबारा’. सातबारा जिवंत करण्याला मोहीम लागते, याचा अर्थ तो मेला होता हें सरकारनेंही कबूल केलें! पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. मदत यावयाची ती खातेदाराच्या नांवानें. पीक पाण्यांत आणि खातेदार वैकुंठांत, अशी ज्या घराची गत, त्यानें अंगठा कोणाचा लावावा? मेलेल्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाहीं.

आपल्या लोकांना कागदाचें भय वाटतें, आणि तें उगीच नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यानें लिहिलें त्यानें खाल्लें, आणि ज्यानें अंगठा उठविला तो बुडाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी उठले आणि त्यांनीं सावकारांचे रोखे व खतें हिसकून जाळलीं. त्यांच्या रागाचा रोख कागदावर होता, कारण त्यांच्या गळ्याचा फांस कागदाचाच होता. इकडे आपल्या बीड जिल्ह्यावर तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. दप्तर उर्दूंत, त्याहून जुनें मोडींत, आणि कुणब्याला दोन्ही सारखींच काळीं. म्हणून ‘कागद नको, तोंडचा शब्द पुरे’ अशी आपल्या घरांची रीत पडली. पण बाप मेल्यावर त्याच्या तोंडचा शब्द कोणाच्या तोंडीं असतो? ज्याचा आवाज मोठा त्याच्या.

सुप्याच्या होळीनंतर बारा वर्षांनीं त्याच पुण्यांत एका माळ्यानें कागद स्वतःच्या हातीं घेतला. ता. १० जुलै १८८७ रोजीं जोतीराव फुले यांनीं आपलें उईल केलें. जोतीरावांचीं पुस्तकें पुष्कळांस ठाऊक आहेत, पण या कागदाकडे पाहणारे थोडे.

त्यांच्या पोटीं मूल नव्हतें. काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला १८७४ सालीं झालेला मुलगा त्यांनीं आणि सावित्रीबाईंनीं आपला म्हणून वाढविला, तोच यशवंत. हा मुलगा रक्ताचा नव्हे, जातीचाही नव्हे. उद्यां आपला डोळा मिटल्यावर भाऊबंद काय म्हणतील हें जोतीरावांना कळत नसेल असें कोण म्हणेल? म्हणून त्यांनीं सावित्रीबाईंची व यशवंताची सोय लिहून ठेवली. आपली माती कशी करावी, तेथें कोणाची सांवली नको, हेंही लिहिलें. हें सारें पुष्कळ लोक करतात. मला मोठें वाटतें तें त्यांतलें पुढचें कलम. त्या वेळीं यशवंत तेरा वर्षांचा पोर. तेरा वर्षांचें पोर पुढें काय निपजेल हें ब्रह्मदेवालाही सांगतां यावयाचें नाहीं. तेव्हां जोतीरावांनीं असें लिहून ठेवलें कीं, हा मुलगा पुढें नालायक निघाला तर सावित्रीबाईंनीं सत्यशोधक समाजाच्या सभासदांच्या बहुमतानें माळी, कुणबी, धनगर इत्यादि जातींतील एखादा लायक मुलगा पाहून त्याला वारस करावें. लाडक्या लेकाच्या बाबतींतही या माणसानें ‘जर’ हा शब्द लिहावयास मागेंपुढें पाहिलें नाहीं! आपल्या उइलांत ‘जर’ कोठें असतो? ‘माझा मुलगा मला सांभाळील’ असें आपण लिहितों. न सांभाळला तर काय, हें लिहावयास आपली लेखणी अडते.

पुढच्याच वर्षीं, १८८८ त, जोतीरावांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनीं डाव्या हातानें लिहिलें. उईल तेवढें त्या आधींच झालें होतें, धडधाकट हातानें आणि शुद्ध मनानें. ‘पडल्यावर बघूं’ म्हणणारांनीं हें ध्यानांत धरावें. पडल्यावर लिहिलेल्या कागदावर पहिला आक्षेप हाच निघतो कीं म्हातारा शुद्धींत नव्हता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते गेले आणि भांडण उठावयाचें तें उठलेंच. टिटवें यशवंतानें धरूं नये म्हणून भाऊबंदांनीं हरकत घेतली. तेव्हां सावित्रीबाई स्वतः पुढें झाल्या आणि टिटवें हातीं घेऊन प्रेतापुढें चालल्या. आपणांस मीठ घालून पुरावें अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेनें परवानगी दिली नाहीं, म्हणून दहन करावें लागलें. कागद सर्वच कांहीं करूं शकत नाहीं, हेंही यावरून शिकावें. आणखी एक गोष्ट पहा. उईल १८८७ चें, यशवंताचें लग्न १८८९ चें. म्हणजे कागद झाल्यावर दोन वर्षांच्या आंत घरांत सून आली. कागद आहे तेथेंच उभा राहतो. घर मात्र चालत राहतें.

आतां कायद्याचें थोडें ऐका. हिंदु माणूस उइलावांचून मेला तर त्याच्या स्वतःच्या वाट्याची मिळकत १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें आई, बायको, मुलगे आणि मुली यांना सारखी जाते. मुसलमान बांधवांचा कायदा निराळा. त्यांना साधारणपणें तिसऱ्या हिश्शापुरतेंच मृत्युपत्र करतां येतें, आणि वारसांपैकींच एकाला जास्त द्यावयाचें तर बाकीच्या वारसांची संमति लागते. उईल करणारा सज्ञान व शुद्धींत असावा. त्यानें दोन साक्षीदारांसमक्ष सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनीं त्याच्या समक्ष सह्या कराव्या. स्टँप लागत नाहीं. नोंदणीची सक्ति नाहीं, तरी ती करावी असें माझें मत आहे, कारण नोंदलेला कागद उंदीर खात नाहीं आणि चुलता गिळत नाहीं.

उईल करतां येतें तें आपल्याच वाट्याचें, दुसऱ्याच्या वाट्याचें नव्हे. वडिलार्जित जमिनींत लेकीचा हक्क मुलासारखाच जन्मानें आहे. महाराष्ट्रानें तो २२ जून १९९४ पासून दिला, पण लग्न होऊन गेलेल्या लेकींस वगळलें. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशांत तो सर्वच लेकींना मिळाला, आणि त्या तारखेस बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगितलें. तेव्हां ‘सगळी जमीन पोरांच्या नांवें लिहून टाकली, आतां पोरींची कटकट नाहीं’ असें जो म्हणतो, त्यानें दुसऱ्याचा बैल बाजारांत विकला आहे. तो सौदा टिकावयाचा नाहीं, आणि मध्यें भावाबहिणींचें बोलणें मात्र तुटेल. मी तर म्हणतों, लेकींचीं नांवें खोडण्यासाठींच ज्याला उईल पाहिजे त्यानें तें करूंच नये.

आतां मुख्य मुद्दा. एक गोष्ट कल्पनेनें धरा. बावीस वर्षांचा एक पोरगा, लग्न झालेलें नाहीं. जिवावरच्या दुखण्यांतून उठतो आणि आपल्या वाट्याची जमीन थोरल्या भावाच्या नांवें लिहून ठेवतो. त्या वेळीं तें योग्यच होतें, भावानेंच त्याची सेवा केली होती. पुढें त्याचें लग्न होतें, दोन मुली होतात. कागदाची आठवण कोणालाच राहात नाहीं. एके दिवशीं ऊसतोडीला गेला असतां तो ट्रॉलीखालीं सांपडून मरतो. दिवस झाल्यावर थोरला भाऊ पेटी उघडतो. तुम्ही म्हणाल, लग्न झालें तेव्हांच तें जुनें उईल रद्द झालें नाहीं काय? नाहीं! येथेंच आपले लोक फसतात. ख्रिस्ती व पारशी माणसाचें लग्न झालें कीं लग्नाआधींचें मृत्युपत्र कायद्यानेंच रद्द होतें. हिंदूचें होत नाहीं. बावीस वर्षांच्या पोराची इच्छा पस्तीस वर्षांच्या बापाच्या इच्छेवर मात करते. मुलींचा वडिलार्जितांतला स्वतःचा हक्क राहील, पण बापाच्या वाट्याची गोष्ट निघाली कीं बायकोच्या हातीं पोटगीचा दावा उरतो. त्या माणसानें उईल मुळींच केलें नसतें तर बायकोला व मुलींना आपापला भाग आपोआप मिळाला असता. यांत वाईट कोणीच नाहीं, भाऊही कदाचित् भला असेल. पण भलेपणावर घर सोंपवूं नये.

असेच आणखी प्रकार. ज्या भावाला लिहून दिलें तो तुमच्या आधींच गेला, तर ती देणगी साधारणपणें फुकट जाते. मुलाला किंवा मुलीला दिलें आणि तें लेकरूं आधीं गेलें, पण त्याचीं मुलें हयात आहेत, तर तो भाग मात्र त्या नातवंडांकडे वळतो. लिहिलेलें शेत मध्यंतरीं विकलें किंवा रस्त्यांत गेलें, तर ज्याला तें दिलें त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं, आणि बाकीच्यांचे वाटे होते तसेच राहतात. बापानें तिघांस सारखें म्हणून लिहिलें आणि एकच उपाशी राहिला! उइलानंतर नवें रान घेतलें तर त्याचें नांवही त्या कागदांत नसतें. म्हणून शेवटीं ‘वर न लिहिलेली आणि पुढें मिळेल ती मिळकत अमक्यास’ अशी एक ओळ ठेवावी. गट नंबर आणि क्षेत्र नव्या उताऱ्याप्रमाणें लिहावें. जुना सर्व्हे नंबर लिहून ठेवला कीं पुढें वकिलाची एक पिढी त्यावर पोसली जाते.

जमीन वांटली म्हणजे सगळें वांटलें, असा आपला समज. भांडण लागतें तें विहिरीवर. अडीच एकर ह्याला आणि अडीच एकर त्याला असें लिहिलें, पण पाण्याची पाळी कोणाची किती दिवस, मोटारीचें कनेक्शन कोणाच्या नांवावर, पाइप कोणाच्या बांधावरून जावयाचा, बैलगाडीला वाट कोठून, याचा एक शब्द नाहीं. आपल्या ह्या दुष्काळी मुलखांत पाण्याविणें जमीन म्हणजे वैरणीविणें दावण. पूर्वीं एक विहीर होती, पुढें एका मुलानें स्वतःच्या पैशानें बोअर घेतला, तर बापानें त्याच वर्षीं कागद काढून तो बोअर कोणाचा हें लिहावें. बाप बोलला तर तें भांडण एका संध्याकाळीं मिटतें. बाप गेल्यावर दहा वर्षें चालतें.

कारागीर मंडळी म्हणतील, आमच्याजवळ जमीन नाहीं, आम्हांला हें कशाला? लोहाराची ऐरण आणि भाता, सुताराचीं हत्यारें व लांकूड, शिंप्याचें यंत्र, गावठाणांतलें घर आणि रस्त्यावरची टपरी, ही मिळकत नव्हे काय? तीन मुलांपैकीं एकच धंद्यांत आहे, दोघे पुण्यास कारखान्यांत गेले. ऐरणीचे तीन तुकडे करतां येत नाहींत. ती एकाला द्यावी आणि दुसऱ्या दोघांना घरांतून किंवा पैशांतून भरून द्यावें, हें बापानेंच लिहिलेलें बरें. पुण्याचा मुलगा पांच वर्षांनीं परत येऊन भट्टीशीं बसला, तर कागद पुन्हां काढावा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना एक निराळें सांगणें. कोयता घेऊन टोळी निघाली कीं चार-पांच महिने घर बंद. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, फिटली किती, सोसायटीचें देणें किती, हें निघण्यापूर्वीं एका कागदावर लिहून घरच्या शहाण्या माणसाजवळ ठेवा. माणूस मेल्यावर पहिल्यानें देणेकरी येतात, आणि खोटें देणें सांगणाराला मेलेला माणूस ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं.

माउल्यांनो, आतां तुमच्याकडे वळतों. बायकोचें नांव सातबाऱ्यावर लावावें म्हणून शेतकरी संघटनेनें चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचें काम केलें, आणि १९९२ त सरकारनेंही तशी योजना काढली. ज्यांच्या नांवावर कांहीं आहे त्या बायांनीं स्वतःचें उईल स्वतः करावें. कारण ऐका. नवरा नाहीं, मूलबाळ नाहीं, अशी हिंदु बाई उइलावांचून गेली, तर तिनें स्वतः घाम गाळून मिळविलेलें देखील आधीं नवऱ्याच्या वारसांकडे जातें. तिला जन्म देणाऱ्या आईबापांकडे तें शेवटीं येतें! ज्या सासरानें तिला हांकलून दिलें त्याच सासराला तिची कमाई. आईबापांकडून वारशानें आलेल्या मिळकतीची गोष्ट वेगळी, ती बापाच्या वारसांकडे परत जाते. पण कमाईचें काय करावयाचें तें जिवंतपणीं लिहिल्याशिवाय दुसरा इलाज नाहीं.

बँकेंत आणि विम्याला जें नांव लावतात, त्याला नॉमिनी म्हणतात. लोक समजतात कीं पैसा त्याचाच. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी हा पैसा हातीं घेणारा आहे, मालक नव्हे. वारसांना तो त्याच्याकडे मागतां येतो. तरी तें नांवही पाहून घ्या. लग्नाआधीं आईचें नांव लावलेलें, आई जाऊन दहा वर्षें झालीं, आणि पासबुकांत तीच बसलेली, असें घडतें. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नांवें लावतां येतात.

बदल कसा करावा? जुन्या कागदावर रेघ मारून वर दुसरें नांव लिहूं नका. दोन साक्षीदारांसमक्ष सही झाल्याशिवाय तशी खाडाखोड चालत नाहीं, आणि तंट्याला मात्र तोंड फुटतें. लहान बदल असेल तर पुरवणीपत्र करा. त्यालाही उइलासारखेच दोन साक्षीदार लागतात. मोठा बदल असेल तर नवें उईल लिहा, त्यांत ‘पूर्वीचीं सर्व मृत्युपत्रें मी रद्द करीत आहें’ असें पहिल्याच ओळींत घाला, तारीख टाका आणि जुनें फाडून टाका. शेवटचें खरें, हा नियम आहे. जुनें नोंदलेलें असेल तर नवेंही नोंदवा. नोंदलेला जुना व साधा नवा अशी जोडी म्हणजे तंट्याला आमंत्रण. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीला बसवूं नका. साक्षीदार आपल्याहून तरुण घ्या. दोन्ही साक्षीदार आधींच वारले तर उईल सिद्ध करतांना घरच्यांना धांवपळ पडते. म्हातारपणीं करीत असाल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा. जमीन वतनाची, इनामाची, देवस्थानची किंवा शर्तीची असेल तर तलाठ्यास (आतां त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आधीं विचारा. आणि माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आंत वारसांनीं तलाठ्याकडे वर्दी द्यावी. उईल कितीही चांगलें असो, फेरफार झाल्याशिवाय सातबारा मुका राहतो.

कागद केव्हां काढावा म्हणाल तर घरांत जन्म, मरण, लग्न, काडीमोड, खरेदी, विक्री यांपैकीं कांहीं झालें कीं काढावा. आणि कांहींच झालें नाहीं तरी पाडव्याला एकदां वाचून घ्यावा. स्वतःला वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्यावा. तिच्यादेखत लाज वाटेल असें त्यांत कांहीं लिहिलेलें असेल, तर तें त्याच दिवशीं बदलावें.

ज्यांनीं आज उतारे व जुने कागद बरोबर आणले आहेत त्यांनीं त्या लिंबाखालीं बसावें. वाचणारीं मुलें तेथें आहेत. उर्दू व मोडीचे कागद वेगळे ठेवा, ते आज वाचून होणार नाहींत. त्यांना जाणता माणूस आणावा लागेल. आणि मूळ कागद कोणाच्याही हातीं देऊं नका, माझ्याही नाहीं. नक्कल द्या.